सूड नव्हे, सुकाणू

‘बदला’ या शब्दावर आपलं भारी प्रेम. सिनेमात बदला, निवडणुकीत बदला, क्रिकेटमध्ये तर दर दुसऱ्या मॅचला बदला. तेव्हा समुद्रातल्या प्राण्यांनाही आपण तो चिकटवला यात नवल काही नाही. २०२३ च्या मे महिन्यापासून एक गोष्ट जगभर फिरतेय आणि दर उन्हाळ्यात नव्या व्हिडिओसकट परत येते. गोष्ट अशी : स्पेन-पोर्तुगालच्या समुद्रात ‘व्हाइट ग्लॅडिस’ नावाची एक ऑर्का मादी आहे. तिला म्हणे एका होडीने जखमी केलं. मग तिने सुडाची शपथ घेतली, अख्ख्या कळपाला ट्रेनिंग दिलं, आणि आता ही सेना श्रीमंतांच्या यॉट बुडवत सुटली आहे. इंटरव्हलनंतरचा भाग तेवढा शूट व्हायचा बाकी आहे.

कुठल्याही ग्रुपवर ही गोष्ट पडली की खाली टाळ्यांचा पाऊस पडतो. ‘शाब्बास ग्लॅडिस!’, ‘निसर्गाचा न्याय’, ‘भोगा आता कर्माची फळं’ वगैरे. लिहिणारे सगळे सुशिक्षित, प्राण्यांवर प्रेम करणारे, दिवाळीत फटाके न उडवणारे लोक.

मला या गोष्टीची चीड येते. निव्वळ चुकीची आहे म्हणून नाही. चुकीच्या गोष्टी नेटवर पैशाला पासरी मिळतात. चीड यासाठी की ही गोष्ट ऑर्कांच्या बाजूची वाटते आणि प्रत्यक्षात त्यांच्याच जिवावर उठणारी आहे. आणि त्या पाण्यातून होडी नेणाऱ्या माणसालाही ती नेमका चुकीचा सल्ला देते. आज एवढंच सांगायचंय, पण जरा सविस्तर.

आधी, घडतंय काय ते बघू.

ऑर्का म्हणजे ‘किलर व्हेल’. नावात व्हेल असला तरी हा डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. मासा तर नाहीच नाही (‘ऑर्का मासा’ लिहिणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी). जगात ऑर्कांचे वेगवेगळे समाज आहेत. प्रत्येकाचं खाणं वेगळं, आवाज वेगळे, सवयी वेगळ्या. आपल्या गोष्टीतला समाज स्पेन आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत राहतो. अंगाने इतर ऑर्कांपेक्षा लहानखुरा, म्हणजे तरी पाच ते साडेसहा मीटर. मुख्य खाणं ब्लूफिन ट्यूना. हा ट्यूना वसंत ऋतूत अंडी घालायला अटलांटिकमधून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरतो. सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर रुंद. म्हणजे ऑर्कांसाठी दाराशी आलेली भाजीवालीच! त्यामुळे साधारण वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत ते सामुद्रधुनी आणि कादिझच्या आखातात असतात. पुढे उन्हाळा सरताना पोर्तुगालचा किनारा धरून वर, गॅलिसियाकडे सरकतात.

२०२० च्या उन्हाळ्यात यातल्या काही ऑर्कांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. शिडाच्या होडीच्या मागून यायचं, पाण्याखाली जायचं आणि सुकाणूला डोक्याने ढकलायचं. आपल्याकडे सुकाणू हा शब्द हल्ली फक्त ‘सुकाणू समिती’त उरलाय, म्हणून सांगतो : होडीच्या मागच्या टोकाला पाण्यात लोंबणारी ती उभी फळी, जिच्या जोरावर होडी वळते. ऑर्का ती ढकलतात, हलवतात, कधी तुकडा मोडतात. वरती चाकाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून चाक गरागरा फिरायला लागतं. कधी हा प्रकार काही मिनिटं चालतो, कधी तासभर. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये स्पेनच्या सरकारने गॅलिसियाच्या किनाऱ्याच्या एका पट्ट्यात १५ मीटरपर्यंतच्या शिडाच्या होड्यांना काही दिवस चक्क बंदी घातली होती.

तेव्हापासून असे शेकडो प्रसंग नोंदले गेलेत. बऱ्याच वेळा काहीच नुकसान होत नाही. बऱ्याच वेळा सुकाणू वाकतं किंवा मोडतं आणि होडी ओढून न्यावी लागते. आणि मोजक्या वेळा होडी बुडते. २०२२ च्या जुलैअखेर पोर्तुगालच्या सिनेशसमोर एक बुडाली, नोव्हेंबरमध्ये व्हियाना दो काश्तेलोजवळ दुसरी. मे २०२३ मध्ये ‘शॅम्पेन’ नावाची यॉट बार्बाते बंदराकडे ओढून नेताना बुडाली. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटच्या दिवशी ‘ग्रात्सिए मामा’ मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ. मे २०२४ मध्ये ‘आल्बोरान कोन्याक’ ही १५ मीटरची होडी सामुद्रधुनीत; वरच्या दोघांना जवळून जाणाऱ्या तेलवाहू जहाजाने उचललं. सप्टेंबर २०२५ मध्ये लिस्बनजवळ कोश्ता दा कापारिकासमोर आणखी एक.

यात एकाही माणसाला ऑर्कांनी मारलेलं नाही. होडी बुडून पाण्यात तरंगणाऱ्या, लाइफराफ्टमध्ये बसलेल्या माणसांनाही नाही. हे वाक्य बदलावाल्यांनी दोनदा वाचावं.

कारण सूड म्हटला की त्याला एक साधा नियम असतो. तो ज्याच्यावर राग आहे त्याच्यावर उगवला जातो. आता या ऑर्कांनी रागावं असं त्या समुद्रात कोण आहे? मासेमार. या ऑर्कांपैकी काही जण मासेमारांच्या दोरीला लागलेला ट्यूना खाली येऊन पळवतात, त्यावरून दोन्ही बाजूंची खुन्नस जुनी आहे. सूडच उगवायचा असता तर पहिला नंबर मासेमारी बोटींचा लागायला हवा होता. लागतो मात्र मुख्यतः शिडाच्या यॉटचा, ज्या गुपचूप आपल्या वाटेने चाललेल्या असतात. त्यातही माणसाला सोडून, होडीचं बाकी सगळं अंग सोडून, नेमकं सुकाणूच. आणि सुकाणू मोडून पडलं, हलायचं थांबलं, की पुष्कळदा मंडळी कंटाळून निघून जातात. हा कसला सूड? शत्रूच्या घरात शिरून फक्त दाराची कडी खिळखिळी करून परत येणारा खलनायक कोणी बघितलाय?

आणि मारायचंच असतं तर ऑर्काला ते जड नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात २०१९ ते २०२१ या काळात ऑर्कांच्या कळपांनी निळे देवमासे मारून खाल्ल्याच्या तीन घटना शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. जगातला सगळ्यात मोठा प्राणी! असा शिकारी समाज, आणि बारा मीटरच्या फायबरच्या होडीशी तासभर झटून शेवटी सुकाणूचा तुकडा तोंडात धरून जातो, तर त्याचा हेतू काही वेगळा आहे हे समजायला पीएचडी लागत नाही.

हेतू काय? बहुतेक शास्त्रज्ञांचं उत्तर ऐकून हसू येईल : खेळ. फॅड. आपल्याकडे एखाद्या कॉलेजात एकाने कॉलर वर केली की महिन्याभरात सगळ्यांच्या कॉलरी वर होतात, तसं. ऑर्कांमध्ये हे पूर्वी घडलेलं आहे. १९८७ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, प्युजेट साउंडच्या भागात, एक मादी मेलेला सॅमन मासा डोक्यावर घेऊन फिरायला लागली. काही आठवड्यांत शेजारच्या दोन कळपांतही ही मासळी-टोपी पोचली आणि पुढच्या वर्षापर्यंत जवळजवळ संपली. कारण? काही नाही. फॅशन.

सुकाणूच्या खेळात सुरुवातीला पुढे होते ते वयाने लहान ऑर्का. म्हणजे कुमार गट. ज्यांच्या घरात त्या वयाची कार्टी आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. ‘जखमी ग्लॅडिस’ हा काही पत्रकारांनी हवेतून काढलेला किस्सा नव्हता. या ऑर्कांचा अभ्यास करणाऱ्या गटातले जीवशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लोपेझ फर्नांदेझ यांनी २०२३ मध्ये ती एक शक्यता म्हणून मांडली होती आणि त्यांचा कल तेव्हा तिकडे होता. पण शक्यता म्हणजे शक्यता. ऑर्कांनी नवीन वागणं आपलं आपणच शोधून काढलं असेल, ही दुसरी शक्यताही होती. बातम्यांनी पहिली उचलली, दुसरी टाकून दिली, आणि ‘असू शकेल’ हे शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले. ऑगस्ट २०२३ मध्ये तीसहून जास्त शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र काढून सांगितलं की कृपया याला हल्ला म्हणू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाची माद्रिदमध्ये कार्यशाळा झाली. तिचाही निष्कर्ष हाच : हे आक्रमण वाटत नाही, खेळ किंवा फॅड वाटतं. ट्यूनाचे साठे मधल्या काळात पुन्हा भरले, त्यामुळे पोट भरायला कमी वेळ लागतो आणि उनाडायला जास्त मिळतो, असाही एक तर्क आहे. (थोडक्यात, पोटापाण्याची सोय झाली की रिकामटेकडे उद्योग सुचतात. आपल्याला हे नवीन नाही :-))

मग कोणी म्हणेल, ‘अरे बाबा, सूड म्हणा नाहीतर खेळ म्हणा, होडी बुडायची ती बुडतेच ना? शब्दांवरून कशाला डोकं पिकवतोस?’

पिकवतो, कारण शब्दावरून पुढची कृती ठरते. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. सर्व्हर बसला की पहिला ईमेल ‘हॅकर्सनी हल्ला केला’ असा गेला, तर पुढचे दोन दिवस सगळे फायरवॉल घट्ट करत बसतात. तोच ईमेल ‘डिस्क भरली आहे’ असा गेला, तर दहा मिनिटांत काम संपतं. निदान चुकलं की उपाय चुकतो. आणि चुकीचा उपाय कधीकधी मूळ दुखण्यापेक्षा महाग पडतो.

‘हल्ला’ हा शब्द घ्या. हल्ल्याला काय करतात? प्रतिहल्ला. म्हणून मग होड्यांवर फटाके येतात, पाण्यात डिझेल ओतलं जातं, लोखंडी दांडे आपटले जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये तर एका होडीवरून ऑर्कांच्या दिशेने बंदूक झाडल्याचं दिसतं असा एक व्हिडिओ फिरला आणि त्याची चौकशी करायची वेळ आली. स्पेनमध्ये देवमासे-डॉल्फिनांना त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे, २००७ पासून त्यासाठी वेगळा आदेश आहे. तरीही. कारण समोरचा शत्रू आहे असं एकदा मनाने घेतलं की कायदा आठवत नाही.

आता या ‘शत्रू’ची संख्या ऐका. चाळीसपेक्षा कमी. चाळीस हजार नाही, चाळीस. आपल्या एका बसमध्ये याहून जास्त लोक लोंबकळत असतात. २०१९ मध्ये आययूसीएनने या समाजाला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत घातलं, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी. ऑर्का मादीचं गरोदरपण पंधरा ते अठरा महिन्यांचं, आणि दोन पिल्लांमध्ये काही वर्षांचं अंतर. अशा समाजात एका मादीला गोळी लागली, किंवा स्फोटाने तिची ऐकण्याची शक्ती गेली (आणि ऑर्का कानाने जगतात, डोळ्याने नाही), तर ती जागा भरून निघायला किती वर्षं लागतील याचा हिशेब करून बघा.

म्हणूनच म्हणतो, टाळ्या वाजवणारे आणि बंदूक घेणारे एकाच गोष्टीचे प्रेक्षक आहेत. एक म्हणतो ‘ग्लॅडिस सूड घेतेय, वा!’ दुसरा म्हणतो ‘ग्लॅडिस सूड घेतेय, थांब दाखवतो.’ पहिल्याने लिहिलेल्या पटकथेत दुसरा फक्त आपली भूमिका वठवतो. सूड घेणाऱ्याला सिनेमात सहानुभूती मिळते खरी, पण शेवटच्या रीळात त्याला गोळी लागते हेही विसरू नका.

आता दुसरी बाजू. ‘खेळ’ हा शब्द धरला तर काय करायचं?

खेळ म्हटला की प्रश्न बदलतो. शत्रूला हरवायचं कसं हा प्रश्न राहत नाही. खेळायला आलेल्याला खेळायला न मिळेल असं कसं वागायचं, आणि आधी तो जिथे खेळतो तिथे न जाता कसं निभवायचं, हा प्रश्न होतो. याची उत्तरं आहेत आणि बऱ्यापैकी सरळ आहेत.

पहिलं, वेळ आणि वाट. ऑर्का ट्यूनाच्या मागे असतात, ट्यूनाचं वेळापत्रक माहीत आहे. स्पेनच्या सरकारचा सल्ला असा की मे ते ऑगस्ट या काळात कादिझचं आखात आणि सामुद्रधुनी यांमधला मोठा पट्टा शक्यतो टाळा, आणि जायचंच असेल तर सुरक्षितता सांभाळून किनाऱ्याच्या जितकं जवळून जाता येईल तितकं जवळून जा. उथळ पाणी ऑर्कांना फारसं आवडत नाही. अनुभवी लोक वीस मीटर खोलीची रेषा धरून चालतात. अलीकडे ऑर्का कुठे दिसले याचे ताजे नकाशे मिळतात, ते निघण्यापूर्वी बघायचे.

‘किनारा धरा’ हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्याच किनाऱ्यावर, कोनिल, बार्बाते, साआरा, तारिफा इथे, वसंतात ‘अल्माद्राबा’ लागलेले असतात. म्हणजे ट्यूना पकडायची प्रचंड मोठी, तळाला नांगरलेली जाळी. फिनिशियन लोकांपासून चालत आलेली पद्धत. ती चुकवायला होडी बाहेर न्यावी लागते, म्हणजे खोल पाण्यात. त्राफाल्गार भूशिराजवळ पाण्याखाली उथळ खडक. वर तारिफाला ‘लेव्हांते’ नावाचा पूर्वेचा वारा सुटला की होडीचं शीड आणि माणसाची हिंमत दोन्ही आखडून घ्यावी लागतात. म्हणजे दर मैलाला निर्णय : ऑर्का जास्त धोक्याचे की खडक? हा निर्णय होडीवरच्या तांडेलानेच घ्यायचा असतो. तिथे सुडाच्या गोष्टीचा काडीचा उपयोग नाही. खोली दाखवणारं यंत्र, हवामानाचा अंदाज आणि जाळ्यांचा नकाशा, यांचा आहे.

दुसरं, ऑर्का आलेच तर. इथे एक गंमत झाली, आणि तिच्यावरून शास्त्रज्ञांना भरपूर शिव्या बसल्या. सुरुवातीच्या वर्षांत सल्ला होता : थांबा. शीड उतरवा, इंजिन बंद करा, ऑटोपायलट काढा, चाक मोकळं सोडा. तर्क असा की न हलणाऱ्या सुकाणूत मजा नाही. नंतर नोंदी साठत गेल्या आणि स्पेनचा अधिकृत सल्ला उलटला : थांबू नका. इंजिन चालू करा आणि उथळ पाण्याच्या दिशेने निघा. खोल पाण्यात तासभर थांबून राहणं म्हणजे मुलांसमोर खेळणं मांडून बसणं.

यावर लोक म्हणाले, ‘बघा, यांनाच काही कळत नाही, आज एक सांगतात उद्या दुसरं.’ अरे, पण असंच तर असायला हवं! पहिल्या व्हर्जनमध्ये जे सुचलं ते केलं, वापरणाऱ्यांकडून माहिती आली, दुसऱ्या व्हर्जनमध्ये दुरुस्त केलं. फोनचं सॉफ्टवेअर दर महिन्याला बदललं तर आपण ‘अपडेट’ म्हणून कौतुकाने घेतो, आणि शास्त्रज्ञाने पुराव्यानुसार सल्ला बदलला तर त्याला ढोंगी म्हणतो. सूडवाल्यांची गोष्ट मात्र २०२३ पासून एका शब्दाने बदललेली नाही. यातलं कोण जास्त विश्वासाचं?

तिसरं, माणसांची आणि होडीची तयारी. काठाशी वाकून व्हिडिओ काढायचा नाही. अचानक धक्का बसला की माणूस पाण्यात. सगळ्यांच्या अंगात लाइफजॅकेट. सोळा नंबरच्या व्हीएचएफ चॅनेलवर किंवा ११२ ला फोन करून मदत आधीच सावध करायची, पाणी गुडघ्याला लागल्यावर नाही. आणि मुख्य धोका कुठे आहे ते ओळखायचं. होडी बुडते ती ऑर्काने तिचा चावा घेतल्याने नाही. सुकाणूचा दांडा होडीच्या तळातून वर येतो. बाहेरून सुकाणूला प्रचंड रेटा बसला की तो दांडा पहारीसारखा काम करतो आणि ज्या भोकातून आत येतो तिथलं फायबर उकलतो. तिथून पाणी शिरतं. म्हणजे पंप चालू हवा, ती जागा कप्प्यातलं सामान न उपसता हाताशी यायला हवी, भगदाड बुजवायचं साहित्य जवळ हवं, आणि सुकाणूशिवाय होडी कशी हाकायची याचा सराव आधी करून ठेवायला हवा.

इथे मला होडी बनवणाऱ्यांनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. आजच्या बऱ्याच यॉटचं सुकाणू पाण्यात नुसतं लटकलेलं असतं, मागेपुढे आधार नाही. वेगाला चांगलं, वळायला चांगलं, करायला स्वस्त. पण त्या दांड्याभोवती पाणी न शिरणारा बंद कप्पा असावा, आणि मोडायचंच असेल तर सुकाणू होडीचा तळ न फाडता मोडावं, हे काही रॉकेट सायन्स नाही. सुकाणूला बसणारा दणका काही ऑर्काचाच असतो असं नाही. तरंगतं लाकूड असतं, समुद्रात पडलेला कंटेनर असतो, खडक असतो. शर्यतीच्या मोठ्या होड्यांत धडक बसली की वर उचललं जाणारं सुकाणू असतं. ऑर्कांनी खरं तर एक जुना डिझाइन-दोष दाखवून दिलाय. फुकटात टेस्टिंग करून मिळालं. त्यावर बग फिक्स करायचा की टेस्टरला गोळी घालायची, हा प्रश्न आहे. (आमच्याकडेही दुसऱ्या पर्यायाला पाठिंबा देणारे डेव्हलपर भेटतात, ते सोडा.)

चौथं, आणि माझ्या सगळ्यात आवडीचं : छेद. गणितातला. बातम्यांमध्ये फक्त मोडलेल्या सुकाणूंचे आकडे असतात. पण किती होड्या गेल्या आणि त्यातल्या कितींना ऑर्का भेटलेच नाहीत, हे माहीत नसेल तर धोका किती हे कसं सांगणार? ब्रिटनच्या क्रूझिंग असोसिएशन या शिडाच्या होडीवाल्यांच्या संघटनेने हे ओळखलं. ऑर्का भेटले त्यांनी तर कळवावंच, पण ‘काहीही झालं नाही’ असा प्रवासही कळवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. तारीख, खोली, वेग, किनाऱ्यापासूनचं अंतर, सगळं. किती कंटाळवाणं काम! काहीच न घडल्याचा फॉर्म भरायचा. पण पुढच्या माणसाचा जीव वाचवणारी माहिती यातूनच तयार होते. ‘किनाऱ्याजवळून गेलेल्यांचं काय झालं’ याचं उत्तर असल्या फॉर्मांत असतं, ग्लॅडिसच्या बालपणीच्या जखमेत नाही.

आता एक आक्षेप, जो मला सगळ्यात खरा वाटतो. ‘तू घरात बसून खेळ-बिळ म्हणतोस. रात्री दोन वाजता, अंधारात, पायाखालची होडी हादरतेय, बायकापोरं केबिनमध्ये आहेत, तेव्हा म्हणून दाखव.’

मान्य. शंभर टक्के मान्य. मी शिडाची होडी हाकत नाही आणि त्या रात्रीची भीती मला ठाऊक असल्याचा आव आणणार नाही. उलट टाळ्या वाजवणाऱ्यांवर माझा दुसरा राग तोच आहे. ‘श्रीमंतांच्या यॉट’ म्हणून जे हसतात, त्यांच्या डोळ्यांपुढे हेलिपॅडवाली तरंगती हवेली असते. तसल्या जहाजांच्या वाट्याला ऑर्का फारसे जातच नाहीत. जातात ते दहा-पंधरा मीटरच्या होड्यांच्या. अशा होड्यांत जुन्या, सेकंडहँड घेतलेल्या पुष्कळ असतात. कोणी निवृत्तीनंतर घर विकून घेतलेली असते, कोणी त्यातच राहतो. होडी बुडाली की त्याचा पत्ताच बुडतो. त्याच्यावर हसणं यात कसला निसर्गप्रेमाचा भाग आहे, मला कळत नाही. आणि खेळ म्हणजे निरुपद्रवी असंही मी म्हणत नाही. हत्तीचं पिल्लू खेळतानाही पाय मोडू शकतं. कित्येक टनांचा प्राणी खेळतो तेव्हा होडी बुडते, हे खरंच आहे.

पण म्हणूनच त्या रात्री त्या माणसाला खरी माहिती हवी. ‘ते तुझ्यावर सूड घेताहेत’ असं वाटलं तर तो घाबरून फटाके शोधेल, काठाशी जाऊन दांडा आपटेल, तोल जाऊन पडेल. ‘त्यांना सुकाणू हवंय, तू नकोयस’ हे माहीत असेल तर तो पोरांना आत बसवेल, इंजिन सुरू करेल, किनाऱ्याकडे तोंड करेल, सोळा नंबरवर बोलेल आणि दांड्यापाशी पाणी येतंय का ते बघेल. दोन्हीकडे ऑर्का तेच, समुद्र तोच. फरक फक्त डोक्यात कुठली गोष्ट आहे याचा.

शास्त्रज्ञ ‘हल्ला’ऐवजी ‘इंटरॅक्शन’ म्हणतात, त्यावरही विनोद झाले. शब्द ऐकून आम्हालाही एखाद्या मीटिंगची आठवण येते, कबूल. पण त्या रटाळ शब्दाचा गुण हाच की तो तुमच्या वतीने आधीच निकाल देत नाही. काय झालं ते सांगतो, का झालं ते उघडं ठेवतो.

आपण पुण्या-मुंबईत, बंगलोरला, किंवा आणखी कुठे मॉनिटरसमोर बसलेली माणसं. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून होडी नेण्याचा योग आपल्यापैकी कितींना येणार? पण गोष्ट पुढे ढकलण्याचं बटण आपल्या सगळ्यांकडे आहे, आणि ती ढकलत ढकलतच बार्बातेच्या बंदरातल्या एखाद्या घाबरलेल्या माणसापर्यंत पोचते. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात ग्लॅडिसचा नवा व्हिडिओ आला की टाळ्यांच्या चित्राआधी एवढंच बघा, सांगणारा ऑर्काने काय केलं ते सांगतोय की ऑर्काच्या मनात काय होतं ते. दुसरं सांगत असेल तर ते तिथेच डिलीट करा. चाळीसपेक्षा कमी उरलेल्या त्या प्राण्यांसाठी इतक्या लांबून आपल्याला करता येण्यासारखं तेवढंच आहे.